कलेला आधार कोणाचा? आमच्या मंडळाच्या सहलींचे एक वर्ष

पुण्यातील आमच्या सांस्कृतिक मंडळाच्या वार्षिक अहवालात सहलींचा उल्लेख नेहमी शेवटच्या पानावर, दोन ओळींत होत असे. गायनाच्या मैफली, व्याख्याने आणि वाचनवर्ग हे मंडळाचे काम, आणि सहल ही सभासदांची हौस, अशी विभागणी कोणी ठरवून केलेली नव्हती. ती आपोआप रुजत गेली होती. मागच्या पाडव्यानंतरच्या बैठकीत सहलसमितीने एक प्रस्ताव मांडला. वर्षभरातील सर्व सहली एकाच प्रश्नाभोवती आखाव्यात, प्रत्येक सहलीआधी सभागृहात त्या स्थळाचे एक अभ्याससत्र व्हावे आणि एका सहलीत एकच, फार तर दोन ठिकाणे पाहावीत, असा तो प्रस्ताव होता. प्रश्न आम्ही असा निवडला: कला टिकते ती कोणाच्या आधारावर? राजाच्या, व्यापाऱ्याच्या, देवळाच्या की गावाच्या? वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारणच नव्हते, आणि त्यामुळे प्रस्तावावर चर्चा बरीच झाली, विरोध मात्र फारसा झाला नाही.

सुरुवात कार्ल्याच्या लेण्यापासून केली. एकवीरेच्या दर्शनासाठी आमच्यापैकी बहुतेक जण तेथे पूर्वी गेलेले होते. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, मात्र डोकावून परत फिरण्यापलीकडे कोणी थांबले नव्हते. या वेळी ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा यांची तोंडओळख करून देणारे सत्र आधी झाले होते, त्यामुळे सुमारे ३५० पायऱ्या चढून आल्यावर सर्वांचे डोळे मूर्तींइतकेच खांबांवरच्या आणि भिंतींवरच्या अक्षरांकडे वळले. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी या शैलगृहाला जंबुद्वीपात उत्तम म्हणतो, आणि चैत्यगृहात उभे राहिल्यावर त्याचा अभिमान समजतो. परंतु त्याच लेण्यात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, प्रवेशद्वारासाठी दान दिल्याचा लेख आहे, त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचे काम केल्याची नोंद आहे, आणि कित्येक स्तंभ यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) दिल्याचे त्या त्या स्तंभावरच लिहिलेले आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्यासारख्या सत्ताधाऱ्याने गावच्या गाव इनाम दिले हे खरे, तरीही येथील एकेक खांब एकेका माणसाच्या कमाईतून उभा राहिला आहे. छतातील लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्यांची गरज नसते. त्या तेथे आहेत त्या लाकडी इमारती बांधणाऱ्या कारागिरांच्या सवयीमुळे, आणि म्हणून दानशूर श्रेष्ठीइतकाच तो सुतार मला या लेण्याचा धनी वाटतो.

पुढची सहल औंधची. पुण्यातील उपनगर नव्हे, सातारा जिल्ह्यातील, यमाईच्या डोंगराचे औंध. महाबळेश्वर-पाचगणीला वर्षातून दोनदा जाणारी माणसे औंधला आयुष्यात एकदाही गेलेली नसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, यांनी ते १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे, बंगाली शैलीची चित्रे, चंदन आणि हस्तिदंत यांवरील कोरीवकाम, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, आणि या सगळ्यांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई व मुलाचे दगडी शिल्प, असा संग्रह एका लहानशा संस्थानाच्या राजाने आपल्या खेड्यात आणून ठेवला. तो स्वतः चित्रकार होता, कीर्तने करीत असे, सूर्यनमस्काराचा प्रसार त्याने आयुष्यभर केला, आणि १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन सत्ता तिच्या हाती सोपवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी माळरान याच राजाने दिले आणि त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. ग. दि. माडगूळकरांच्या शिक्षणातही औंधचा वाटा आहे.

कार्ल्यात दान अनेकांचे होते. औंधमध्ये रसिकता एकाचीच होती, आणि त्या एकाची दृष्टी इतकी व्यापक होती की संस्थान विलीन होऊनही संग्रह गावातच राहिला. संग्रहालयात आम्ही दुपारपर्यंत थांबलो. एकेका दालनासाठी एकेका सभासदाने आधी टिपण तयार केले होते आणि तेथे उभे राहून ते सांगितले. शालेय शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या एका ताईंनी रविवर्म्याच्या चित्रांपुढे बोलताना साडीच्या काठापासून दागिन्यांपर्यंत जे बारकावे दाखवले, ते कोणत्याही मार्गदर्शकाने दाखवले नसते. साताऱ्यापर्यंत जायचेच आहे तर कासचे पठारही करून यावे, अशी सूचना काही जणांनी केली होती, कारण ते दिवस गेंद, तेरडा आणि सोनकी यांच्या बहराचे होते. समितीने ती मान्य केली नाही. कासला घाईघाईने जाऊन फुलांमध्ये छायाचित्रे काढून परतणे हा त्या पठाराचाही अनादर आहे, आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी वेगळा दिवस काढून, आधी प्रवेशाची नोंदणी करून, वनस्पतींची माहिती असलेल्या माणसाबरोबर जावे, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

दिवाळीनंतर अजिंठा झाले. त्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे होते ते १६ क्रमांकाचे लेणे, जे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतल्याचे तेथील लेखात स्पष्ट म्हटले आहे. राजा, मंत्री आणि मांडलिक यांच्या आश्रयाची ही कला, आणि तो आश्रय सरताच अर्ध्यावर सोडून दिलेली लेणी आजही तशीच दिसतात. एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे: अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे दोन्हींचा कार्यक्रम आखणाऱ्या मंडळांनी वार आधी पाहावा आणि मग बसगाडी ठरवावी.

वर्षातील सर्वांत मोठा प्रवास तंजावरचा होता आणि त्याची तयारीही सर्वांत दीर्घ होती. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. ज्येष्ठांची भाड्यातील सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि आमच्या मंडळात ज्येष्ठच अधिक असल्याने खर्चाचा अंदाज मांडताना याचा फार विचार करावा लागला. संक्रांत आटोपल्यावर चेन्नईमार्गे निघालो आणि वाटेत जिंजी केली. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन डोंगरांवर पसरलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला, आणि पुढे राजाराम महाराजांनी तेथूनच मुघलांशी कित्येक वर्षे झुंज दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव. राजगिरीचा चढ सर्वांना झेपणारा नव्हता. ज्यांनी खाली थांबणे पसंत केले त्यांच्यासाठी पायथ्याचे कल्याणमहाल आणि धान्यकोठारे यांचा वेगळा कार्यक्रम आखलेला होता, त्यामुळे कोणीही केवळ गाडीत बसून राहिले नाही.

तंजावरला बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले. मंदिराच्या भिंतींवर त्याने आपली दाने तर कोरवलीच, शिवाय मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तिकांची नावे आणि त्यांना दिलेली घरेही कोरवली. हजार वर्षांपूर्वीच्या कलावतीचे नाव आणि तिच्या घराचा क्रमांक आज वाचता यावा, ही गोष्ट ऐकून आमच्यातील नृत्य शिकलेल्या मुली बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्याच आवारात मराठी शिलालेख आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास तेथे कोरवून घेतला. तमिळ लेखांनी भरलेल्या मंदिरात आपली लिपी ओळखून एकेक ओळ बोटाने वाचणारे आमचे सभासद पाहून मंदिरातील स्थानिक भाविकही कुतूहलाने थांबले. मंदिर दुपारी बंद असते, म्हणून सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा आम्ही तेथे गेलो.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत भोसल्यांनी तंजावरवर राज्य केले. आपण महाराष्ट्रात हा इतिहास शाळेत एका परिच्छेदात वाचतो, आणि त्यामुळे तेथे काय घडले याची कल्पनाच आपल्याला येत नाही. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे मराठी नाटके लिहिली. सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले गेले, तेव्हा पेशवाई अजून बुडालेली नव्हती. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी भरतनाट्यमच्या सादरीकरणाचा आजचा क्रम बसवला तो याच दरबारात. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांची मराठी कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ कथेकऱ्यांच्या तोंडी गेली. अभ्याससत्रात आमच्या एका ज्येष्ठ कीर्तनकार सभासदांनी साकी आणि दिंडी म्हणून दाखवल्या होत्या. तंजावरच्या मुक्कामात एका स्थानिक भागवतरांनी त्याच चाली तमिळ शब्दांत म्हटल्या, तेव्हा दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला.

सरस्वती महाल ग्रंथालयाचे वाचनदालन आणि संग्रहालय यांना आम्ही एक पूर्ण दिवस दिला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते, मोडी कागदपत्रांचे गठ्ठे, वैद्यकाचे ग्रंथ, नकाशे हे सगळे जपणाऱ्या सरफोजीराजांच्या हाती प्रत्यक्ष राज्यकारभार जवळजवळ उरलाच नव्हता. इंग्रजांनी तो काढून घेतला होता. सत्ता गेल्यानंतर राजाने ग्रंथांना आश्रय दिला, आणि तो राज्यापेक्षा अधिक टिकला. आज हे ग्रंथालय तमिळनाडू शासन चालवते. मराठी हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातून अधिक माणसे तेथे गेली पाहिजेत, असे मला आग्रहाने वाटते, आणि त्यासाठी मंडळाने मोडी लिपीचा वर्ग सुरू करावा असा ठराव परतीच्या प्रवासातच तयार झाला.

फाल्गुनात कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर समाजाने येथे चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा जपली. संस्थाने गेली आणि ही कला जवळजवळ लोप पावण्याच्या टोकाला आली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथीतील एकेक चित्र समोर धरून, गात गात रामायण सांगण्याचा तो खेळ आम्ही जमिनीवर बसून पाहिला. येथे प्रश्न आमच्यापर्यंतच आला. खेळ ठरवताना मानधनात घासाघीस करायची नाही, कलावंतांनी सांगितलेली रक्कम पूर्ण आणि आगाऊ द्यायची, हे समितीने ठरवले होते, आणि सहलीच्या वर्गणीत ती रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवली होती. एका-दोन सभासदांनी वर्गणी वाढल्याची तक्रार केली. खेळ पाहिल्यावर त्यांनीच पुढच्या वर्षी या कलावंतांना पुण्याला बोलावण्याची मागणी केली. कलावंत आपल्याकडे येतात तेव्हा मंच, दिवे, ध्वनिवर्धक सगळे आपले असते. त्यांच्या अंगणात गेल्यावर ती कला कोणत्या घरात, कोणत्या कष्टात राहते ते दिसते, आणि दोन्हींची गरज आहे.

जवळच्या सहलींसाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर घेतली. आसने परतताना बदलण्याचा नियम केला, त्यामुळे मागच्या आसनांवर नेहमी तेच ते बसले नाहीत. प्रत्येक थांब्यावरची स्वच्छतागृहे आधी पाहून ठेवणे हे काम दोन तरुण सभासदांनी घेतले, आणि ज्येष्ठ महिला सहलींना मोठ्या संख्येने आल्या त्याचे श्रेय मी या एका गोष्टीला देते. प्रत्येक सहलीचा हिशेब पुढच्या मासिक सभेत वाचून दाखवला, आणि शिल्लक रक्कम मोडी वर्गासाठी बाजूला ठेवली.

येत्या हिवाळ्यात बडोद्याला जाण्याचे ठरत आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये सुरू केलेले कलाभवन, रविवर्म्याला दिलेला आश्रय आणि फैयाज खाँ यांच्यासारख्या गवयांचा दरबार यांवरची अभ्याससत्रे भाद्रपदानंतर होतील. कीर्तिमंदिर या गायकवाड घराण्याच्या स्मारकातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे सर्वांना निवांत पाहता यावीत म्हणून एक मुक्काम वाढवावा लागेल असे दिसते, आणि त्यासाठीच्या वाढीव वर्गणीवर पुढच्या सभेत मत घेतले जाईल.