पाऊस पश्चिमेला ठेवून उम्टॅनमच्या धारेवर

सिअ‍ॅटलमध्ये वर्षाकाठी साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, कारण त्याच्याकडे एकट्या जुलैत जवळपास तेवढा पडून जातो. परंतु इथला पाऊस कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली झिमझिम एप्रिलपर्यंत चालू राहते, आकाश आठवडेच्या आठवडे एकाच राखी रंगाचे असते आणि मार्चच्या अखेरीस, चेरीची झाडे फुलू लागलेली असतानाही, डोंगरातल्या वाटा खाली चिखलाने आणि वर बर्फाने बंद असतात. अशा वेळी इथली भटकी माणसे पूर्वेकडे जातात. कॅस्केड पर्वतरांग ओलांडली की दोन तासांच्या आत ऊन मिळण्याची चांगली शक्यता असते, आणि ही शक्यता नशिबावर नव्हे तर भूगोलावर अवलंबून असते. आम्हा मित्रमंडळींनी याच भूगोलाचा आधार घेऊन यॅकिमा नदीच्या घळईतील उम्टॅनम रिज ही डोंगरधार चढायचे ठरवले.

पहाटे निघालो तेव्हा गाडीचे वायपर चालूच होते. नॉर्थ बेंड सोडल्यावर महामार्ग चढू लागला, पावसाचे थेंब जड झाले आणि ९२१ मीटर उंचीच्या स्नोक्वाल्मी खिंडीत त्यांचे ओले हिम झाले. या खिंडीत एका हिवाळ्यात सरासरी दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या भिंती अजून उभ्या होत्या. पॅसिफिक महासागरावरून येणारी दमट हवा कॅस्केडला अडते, वर चढते, थंड होते आणि आपले पाणी याच उतारांवर टाकून देते. खिंडीपलीकडे उतरताना तीच हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते आणि तिच्यातले उरलेसुरले ढगही विरून जातात. आपल्या सह्याद्रीत महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशेच्या आसपास, हे शाळेत पाठ केलेले पर्जन्यछायेचे प्रकरण इथे महामार्गाच्या शंभर किलोमीटरांत डोळ्यांदेखत घडते. खिंडीत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या घरात पडणारे पाणी एलेन्सबर्गला पोहोचेपर्यंत सव्वादोनशेवर येते.

खिंड ओलांडताच उजव्या हाताला कीचेलस तलाव लागतो. यॅकिमा नदीचा उगम तोच. पुढे दाट फरची झाडे विरळ झाली, त्यांच्या जागी तांबूस बुंध्यांचे पाँडेरोसा पाइन आले आणि क्ली एलम गावानंतर ढगांची कड अचानक संपली. गाडीत काही वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या आसनावरच्या मैत्रिणीने काच खाली केली आणि म्हणाली, "अरे, सावल्या दिसतायत!" कित्येक दिवसांत आपण झाडाची सावली जमिनीवर पडलेली पाहिली नव्हती, हे तेव्हा आम्हा सगळ्यांच्याच ध्यानात आले.

एलेन्सबर्गहून यॅकिमा शहराकडे जाणारा जुना रस्ता नदीच्या घळईतून वळणे घेत जातो. याच रस्त्यावर उम्टॅनम ओढ्याच्या मुखापाशी गाड्या लावण्याची जागा आणि नदीवर पादचाऱ्यांसाठी झुलता पूल आहे. पलीकडच्या काठाने रेल्वेमार्ग जातो. पुलाच्या मध्यावर थांबून आम्ही पाण्याकडे पाहिले. नदी वितळलेल्या बर्फाने भरून हिरवट-तपकिरी रंगात वाहत होती. ज्या पावसाला कंटाळून आम्ही घर सोडले, त्याचाच एक हिस्सा खिंडीच्या पूर्व उतारावर बर्फ होऊन पडला होता आणि आता आमच्या पायांखालून चालला होता. या कोरड्या मुलखातल्या सफरचंदाच्या बागा, हॉप्सचे वेल आणि चाऱ्याची शेते याच पाण्यावर उभी आहेत. डोंगराच्या माथ्यावर पडलेले बर्फ आणि खिंडीच्या आसपास बांधलेले जलाशय नसते, तर खालच्या खोऱ्यात एवढी शेती झालीच नसती. पाऊस आणि पर्जन्यछाया या एकाच डोंगराच्या दोन बाजू आहेत, हे मला ठाऊक होते. पुलावर उभे राहिल्यावर मात्र ते पटले.

ओढ्याकाठी पॉपलर जातीच्या उंच कॉटनवुडच्या फांद्यांवर चिकट कळ्या आल्या होत्या. ओढा ओलांडून वाट दक्षिणेकडे वळली आणि लगेच उभी चढू लागली. जाऊन-येऊन अंतर दहा किलोमीटरांच्या आसपास असले, तरी त्यातला सहाशे मीटरांहून अधिक चढ सगळा एका दमात येतो. वाट उघड्या सोंडेवरून जाते, सावलीला एकही झाड नाही आणि मधूनमधून काळ्या दगडांचा घसारा पायाखालून सरकतो. सह्याद्रीत फिरलेल्या पायांना हा घसारा ओळखीचा वाटला, आणि तो वाटण्याला कारणही होते. हा दगड बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, आणि सह्याद्रीही त्याचाच बनलेला आहे.

आमच्यातल्या एका मित्राने भूशास्त्राचा अभ्यास केलेला आहे. चढावर दम घेण्यासाठी थांबलो की तो समोरच्या कड्याकडे बोट दाखवून बोलू लागे, आणि त्यामुळे आमचे थांबे हळूहळू लांबत गेले. साधारण १.७ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या वॉशिंग्टन, ऑरेगन आणि आयडाहो राज्यांच्या सीमाभागातल्या भेगांतून लाव्हा बाहेर पडू लागला आणि थरावर थर साचत गेले. कोलंबिया नदीचे बेसॉल्ट म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश दोन लाख चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. दख्खनचे पठार त्याच्या दुपटीहून अधिक पसरलेले आणि कितीतरी जुने, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. समोरच्या कड्यात थरांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, एका थरात षट्कोनी खांबांची ओळही होती, आणि क्षणभर आपण हरिश्चंद्रगडाच्या परिसरात आहोत असे वाटावे इतके ते दृश्य जवळचे होते.

फरक त्यापुढे सुरू होतो. सह्याद्रीतले थर बहुतांशी आडवेच राहिले, म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे आहेत. इथे मात्र उत्तर-दक्षिण दिशेने दाब पडत राहिला आणि लाव्हाच्या थरांना घड्या पडल्या. सतरंजी एका बाजूने ढकलली की तिला जशा वळ्या पडतात, तशा या पूर्व-पश्चिम डोंगरधारा एकामागे एक उठल्या आहेत: मनास्टॅश, उम्टॅनम, यॅकिमा. यांतील बहुतेक घड्यांची उत्तर बाजू उभी आणि दक्षिण बाजू सौम्य उताराची असते. आम्ही उम्टॅनमच्या उत्तर बाजूने चढत होतो, त्यामुळे हे वैशिष्ट्य आमच्या पोटऱ्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते नदीच्या वागण्याने. पाचशे मीटर वर आल्यावर खाली पाहिले, तर यॅकिमा नदी डोंगर फोडून आरपार गेलेली दिसते, आणि तीही सरळ नव्हे, तर सपाट मैदानातल्या संथ नदीसारखी नागमोडी. एवढ्या उंच धारा आडव्या आल्यावर एखादी नदी वळसा घालून गेली असती. ही गेली नाही, कारण ती डोंगरांच्या आधीपासून इथे होती. लाव्हाच्या सपाट मैदानावरून ती वळणे घेत वाहत होती. जमीन वर उचलली जाऊ लागली तेव्हा तिने आपला मार्ग सोडला नाही आणि डोंगर जितका वर आला तितकी ती खाली कापत गेली. तिची जुनी वळणे आता कातळात कोरलेली आहेत. हे ऐकल्यावर खालचे दृश्य पूर्वीसारखे पाहता येईना. एखाद्या ठिकाणाच्या सौंदर्यामागचे कारण कळल्याने ते सौंदर्य कमी होते, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव सातत्याने उलट आहे.

फुले वाटेवर खाली लवकर आणि वर उशिरा उमलतात, त्यामुळे चढताना वसंत ऋतू मागे जात असल्यासारखा दिसतो. पायथ्याशी सेजब्रशच्या झुडपांखाली पिवळ्या रंगाची, मान खाली घातलेली येलो बेल होती, खडकाळ जमिनीवर ग्रास विडोची चकचकीत जांभळी फुले वाऱ्यात थरथरत होती आणि जमिनीला चिकटून लोमेशियमचे बारीक पिवळे झुपके आले होते. या लोमेशियमच्या काही जातींची मुळे इथल्या मूळनिवासी यॅकिमा लोकांच्या पारंपरिक आहारात महत्त्वाची आहेत आणि दर वसंतात ती आजही खणली जातात. १८५५च्या करारात या लोकांनी आपल्या भूमीचा फार मोठा भाग गमावला, परंतु मुळे आणि फळे गोळा करण्याचा हक्क त्यांनी त्यात नोंदवून ठेवला. डोंगरावर हौसेने आलेल्या आम्हा मंडळींना हे ठाऊक असले पाहिजे, असे मला वाटते, कारण ज्याला आम्ही रानफुलांचा उतार म्हणत होतो तो कुणाचा तरी पिढ्यानपिढ्यांचा अन्नसाठा आहे.

सेजब्रशचे पान बोटांत चुरडले तेव्हा उग्र, कडवट, स्वच्छ वास आला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत देवाला वाहतात तो दवणा आणि हे झुडूप एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले आहेत. वास अगदी तोच नाही. दवण्यात एक गोडवा आहे, जो इथे नाही. तरीही चैत्राच्या तोंडावर, इतक्या दूर, हातात ते पान धरून मी बराच वेळ उभी राहिले.

माथ्याजवळ घळींत बर्फाचे मळकट पट्टे उरले होते. धारेवर पाय ठेवला आणि वाऱ्याने टोप्या हातात घ्यायला लावल्या. कॅस्केडच्या दोन बाजूंमधील हवेच्या दाबाचा फरक खिंडीतून वाट काढतो आणि एलेन्सबर्गच्या खोऱ्यावर वाऱ्याच्या रूपाने उतरतो. दूरच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या त्यासाठीच उभारलेल्या आहेत. उत्तरेला माउंट स्टुअर्टची दातेरी रांग स्वच्छ दिसत होती. नैर्ऋत्येला माउंट अ‍ॅडम्सचा रुंद पांढरा घुमट होता. पश्चिमेला जिथे ४,३९२ मीटर उंचीचा रेनियर दिसायचा, तिथे ढगांची लांबच लांब भिंत उभी होती आणि तिच्या वर शिखराचा फक्त टोकाकडचा भाग. ती भिंत पूर्वेकडे सरकत होती, तरी जवळ येत नव्हती, कारण तिची पुढची कड सतत विरत होती. आम्ही उभे होतो ती जागा हजार मीटरांहून थोडी वर, म्हणजे सकाळच्या हिमाच्छादित खिंडीपेक्षा उंच होती, आणि तिथे आम्ही कोरड्या गवतावर बसून जेवलो.

उतरताना वेळ अधिक लागला, कारण घसाऱ्यावर घाई करता येत नाही. कड्याच्या एका पट्टीवर बिगहॉर्न मेंढ्यांचा लहान कळप चरताना दिसला. सेजब्रशच्या शेंड्यावरून पिवळ्या छातीचा मेडोलार्क गात होता आणि त्याचा बासरीसारखा आवाज वाऱ्यातूनही खालपर्यंत पोहोचत होता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. वाटेवर पिण्याचे पाणी नाही, म्हणून ते पुरेसे बरोबर न्यावे. वसंतात इथे गोचिडी मोठ्या प्रमाणावर असतात. फिकट रंगाच्या लांब विजारी घालाव्यात, त्या मोज्यांत खोचाव्यात आणि परतल्यावर एकमेकांची मान व केस नीट तपासावेत. हवा तापू लागली की रॅटलस्नेक बिळांतून बाहेर येतात, त्यामुळे दगडांच्या कपारीत न पाहता हात घालू नये. बालसमरूटची मोठी पिवळी फुले एप्रिलच्या उत्तरार्धात उतार भरून टाकतात आणि तेव्हा गर्दीही वाढते. जूननंतर गवत वाळते, ऊन असह्य होते आणि सावली तर कुठेच नसते. मार्चचा शेवट ते मेचा मध्य एवढाच या धारेचा चांगला काळ आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत सिअ‍ॅटलमध्ये पाऊस असतो.