खोकतंय कोण आणि गोळ्या कोणाला?

मुंबईतलं हिंदमाता आणि पावसाळा म्हणजे तुंबलेलं पाणी, हे समीकरण परळ-दादरकरांना समजावून सांगायला नको. त्या दिवशी पाणी ओसरलं आणि माझ्या दवाखान्यात रांग लागली. जवळच्याच चाळीतलं एक कुटुंब आलं: आजी, त्यांचा मुलगा, पाचवा महिना लागलेली सून आणि नाक गळणारा तीन वर्षांचा नातू.

नातवाचं औषध आजींनी घरूनच आणलं होतं. मागच्या आजारपणातली अँटिबायोटिक सिरपची अर्धी बाटली. पावडरीत पाणी घालून केलेलं हे औषध फ्रिजमध्ये ठेवलं तरी आठवडा, फार तर दोन आठवडे चालतं. बाटली मी आधी काढून घेतली.

पोराला ताप शंभर, घसा किंचित लाल, खेळणं चालू. शर्ट वर करून मिनिटभर श्वास मोजले. ३२. या वयात ४० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. इथे तसलं काही नव्हतं. व्हायरल सर्दी. वजन करून पॅरासिटामॉल लिहिलं, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, रात्री चमचाभर मध.

"बस? एवढंच?" आजी.

मग मुलाच्या पायाकडे लक्ष गेलं. टाचेला चीर. आदल्या संध्याकाळी दोघं नवरा-बायको दादर स्टेशनपासून गुडघाभर पाण्यातून आले होते, पोरगं बापाच्या खांद्यावर. म्हटलं, तुम्हा दोघांना अँटिबायोटिक घ्यावं लागेल.

"अहो डॉक्टरीणबाई, खोकतंय कोण आणि गोळ्या कोणाला?" पुन्हा आजी.

प्रश्न अगदी रास्त होता, त्यामुळे बाहेरची रांग विसरून बसले समजावत. उंदरांचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं, त्यातले लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू जखमेतून, भिजून मऊ झालेल्या कातडीतूनही शिरतात. २००५च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईने ते भोगलंय. पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डोस घ्या, असं पालिका म्हणते ते त्यासाठीच. सर्दीच्या विषाणूवर मात्र हेच औषध काही करत नाही. पोटातले चांगले जंतू मरतात, जुलाब लागतात आणि उरलेले जंतू औषधाला सरावतात.

तेवढ्यात सुनेने पर्समधून कॅप्सूल काढली. "ही चालेल ना? चाळीत सगळ्यांना वाटल्यात."

डॉक्सीसायक्लिन! लेप्टोसाठी देतात तेच अँटिबायोटिक, पण नशिबाने तिने घेतली नव्हती. हे औषध पोटातल्या बाळाच्या दातांत, हाडांत जाऊन बसतं. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन देतात. तिला ते दिलं. नवऱ्याला डॉक्सीच, पण जखम असल्यामुळे एका डोसावर भागणार नव्हतं. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन.

आजी एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेजारणीने तिच्या पाच वर्षांच्या मुलीला कॅप्सूल फोडून अर्धी पावडर चारलीय. मीच सांगितलं होतं."

एका डोसाने दात पिवळे होत नाहीत, घाबरू नका, पण पुन्हा देऊ नका, असं सांगितलं. ती मुलगी पाण्यात उतरली होती का, हे आजींना ठाऊक नव्हतं. सुनेने तिथूनच शेजारणीला फोन लावला आणि मुलीला घेऊन यायला सांगितलं. त्या मुलीचं वजन करायचं म्हणून मी वजनकाटा आत नेऊ दिला नाही. पुढचा पेशंट बोलावला.