आवाज ओळखा

आमच्या आईने आयुष्यात सिनेमे पाहिले थोडे, ऐकले मात्र शेकड्यांनी.

कारण साधं होतं. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत टीव्ही होता आणि आतल्या खोलीत आई. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. वेळ नेमकी कणीक मळायची आणि कुकर लावायची. त्यातून वाड्यात टीव्ही दोघांकडेच, म्हणजे अर्धा वाडा आमच्या सतरंजीवर. एवढ्या माणसांना पाणी कुणी द्यायचं? आई तांब्या-भांडं घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, पडद्याकडे एक नजर टाकायची आणि परत आत. पुढचं सगळं भिंतीपलीकडून.

पण तिचे कान भलतेच तयार होते. पोळी लाटता लाटता ती आतून ओरडायची, "इफ्तेखार आला वाटतं! आता पकडणार त्याला." आणि खरंच, पडद्यावर इफ्तेखार टोपी काखेत धरून दिवाणखान्यात उभा असायचा. बाबांना याचं भारी कौतुक. त्यांनी चार-चार आण्यांची पैज सुरू केली. नवीन पात्र तोंड उघडेल तेव्हा सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आईने आतून नाव सांगायचं. वाड्यातली पोरं श्वास रोखून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची. सिनेमा इकडे आणि प्रेक्षक तिकडे तोंड करून, असं दृश्य त्या काळी पुण्यात आमच्याकडेच असेल.

आई एकदाच हरली. सुलोचनाबाईंना ती निरूपा रॉय म्हणाली. "भाजीला फोडणी देत होते, तडतडीत ऐकू आलं नाही," असं तिचं म्हणणं होतं. पण ते चार आणे तिला आठवडाभर टोचत होते.

हिरो-हिरॉइनांचे आवाज ओळखणं तिला कमीपणाचं वाटायचं. ते काय, कुणीही ओळखेल. तिचा जीव होता तो बाजूच्या माणसांवर. आई, मावशी, सावकार, वकील, डॉक्टर, घरमालकीण. जगदीश राज या गृहस्थांनी एकशे चव्वेचाळीस सिनेमांत पोलिसाचं काम केलं आणि त्याबद्दल त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं, हे मी तिला बऱ्याच वर्षांनी वाचून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या वेळा येऊन एकदाही वेळेवर नाही आला मेला."

बाबांचा पंथ वेगळा. ते नूतनचे. नूतन पडद्यावर असली की त्यांना पाणीसुद्धा विचारायचं नाही. 'बंदिनी' लागला की ते खुर्ची पुढे ओढत ओढत टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसायचे आणि मागच्या सगळ्यांना नूतनऐवजी बाबांची मान दिसायची. आईला यात कधी काही वावगं वाटलं नाही. शोभना समर्थांची मुलगी म्हणजे घरचीच, असा एकूण हिशेब.

मला मात्र वारसा आईचा मिळाला. अजूनही जुना सिनेमा लावला की माझं लक्ष मधल्या दोघांवर राहत नाही, कडेला सरकतं. नायक गात असतो आणि मी बघतो, मागे चहाचा ट्रे घेऊन उभा आहे तो कोण. मला मनापासून वाटतं की नायक-नायिका पोस्टरसाठी असतात. घरात राहायला येतात ती ही बाजूची माणसं. दिलीपकुमारला आपण घरी कुठे बसवणार? पण डेव्हिडला बसवता येतं. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्याला द्यावी, समोर भज्यांची बशी ठेवावी, आणि तो संध्याकाळ हसत हसत काढेल. हा डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएली समाजातला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. आडनावातच चेऊल! 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा इतकी वर्षं मला गोव्याचा वाटत होता आणि निघाला अलिबागेकडचा.

लीला चिटणीसांचं तर मला कोडंच पडायचं. आईच्या लेखी त्या म्हणजे खोकला. भिंतीपलीकडून विशिष्ट पद्धतीने खोकल्याचा आवाज आला की ती म्हणायची, "लीला चिटणीस. आता मुलगा उशिरा घरी येणार." माझ्याही मनात त्या कायमच्या म्हाताऱ्या होत्या, जन्मल्या तेव्हाच हातात शिवणकाम असेल असं वाटायचं. पुढे कॉलेजात असताना एका जुन्या मासिकात १९४१ सालची लक्स साबणाची जाहिरात पाहिली. मान किंचित वळवून हसणारी देखणी बाई, खाली नाव लीला चिटणीस. लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी. त्याच सुमाराला 'कंगन', 'बंधन', 'झूला' अशा सिनेमांत त्या अशोककुमारच्या नायिका होत्या, आणि १९४८ च्या 'शहीद'मध्ये दिलीपकुमारची आई. सात वर्षांत नायिकेची आई! 'आवारा'त राज कपूरची, 'गाइड'मध्ये देव आनंदची. अशोककुमार तोवर नायकच होता, आणखी कितीतरी वर्षं राहिला. मी ती जाहिरात घरी नेऊन आईला दाखवली. तिने चष्मा लावून नीट पाहिली, आणि मग एवढंच म्हणाली, "बघ, तेव्हा खोकला नव्हता."

दुर्गाबाई खोटे हा आईचा आदराचा विषय. त्या बोलायला लागल्या की तिचं लाटणं थांबायचं. 'मुघल-ए-आझम'मध्ये पृथ्वीराज कपूर गरजले की आमच्या फळीवरची स्टीलची भांडी थरथरायची, असं आई सांगते. थरथरत असतील, नसतील, पण जोधाबाई झालेल्या दुर्गाबाई त्या गर्जनेपुढे आवाज न चढवता उभ्या राहायच्या आणि भिंतीपलीकडेही ऐकू यायच्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त, म्हणजे प्रभातच्या पहिल्या बोलपटात, त्या तारामती होत्या. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. जो पडद्यावर दिसेल त्यानेच गायचं, त्यानेच बोलायचं, आणि बोललेलं तिथल्या तिथे मुद्रित व्हायचं. त्या पिढीचे आवाज लांबून ओळखू येतात ते यामुळेच असावं, असा माझा तर्क आहे. ही माणसं गळ्यासकट निवडलेली होती. आजच्या सिनेमात आईची पैज लावली तर चार आण्यांचा धंदा बुडेल.

आता मुख्य माणसाकडे येतो.

आईचं माहेर येवल्याचं. आणि येवल्याची म्हणून जगात तिला दोनच गोष्टींचा अभिमान: एक पैठणी, दुसरी ललिता पवार. ललिताबाई जन्मल्या येवल्यात, १९१६ साली. पाळण्यातलं नाव अंबा, आडनाव सगुण, वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. आईचा आणि त्यांचा काडीचाही संबंध नाही, पण ललिता पवारांचा आवाज आला की ती आतून नाव सांगायची नाही. "आमची आली," असं म्हणायची.

आणि तो आवाज! प्रत्येक वाक्य चिमट्यात धरून सोडल्यासारखं. सून असो, भाडेकरू असो, सख्खा मुलगा असो, समोरच्याला आधी गुन्हेगार धरायचं आणि मग बोलायचं. गंमत म्हणजे आईने फक्त आवाजावर ओळखलेली ही बाई सिनेमात आली ती मूकपटांच्या काळात, लहानपणीच. बोलपट आल्यावर ती नायिका झाली, गाऊही लागली. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिला थोबाडीत मारायचा प्रसंग होता. हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची शीर तुटली. तीन वर्षं उपचार झाले, डोळा बारीक राहिला तो राहिलाच. वय सव्वीस. नायिकेची कामं संपली.

येवल्यात ही गोष्ट वेगळी सांगितली जायची. तिथल्या बायकांच्या मते तो डोळा दृष्ट लागून गेला. "एवढं नाव झाल्यावर कुणाची तरी लागणारच," इति माझी आजी. भगवानदादांचं नाव आजीच्या कथेत नव्हतंच. एका अर्थी बरंच झालं, नाहीतर 'अलबेला'मधल्या गाण्यांवर आमच्या लग्नकार्यात कुणी नाचलं नसतं.

त्या बारीक डोळ्याने पुढे चाळीस-पन्नास वर्षं काम केलं. देशभरातल्या सुना त्या डोळ्याला घाबरल्या. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि मंथरा आली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टीव्हीसमोर बोटं मोडली, तेव्हा आई चक्क दुखावली. तिने काकूंना सांगितलं, "मंथराला काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या ललिताबाईंना नाही." काकूंना फरक कळला नाही. त्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा बोटं मोडली.

पण ललिता पवारांना खाष्ट सासूच्या खणात टाकून मोकळं होणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांनी 'अनाडी' बघावा. त्यातल्या मिसेस डिसा भाडं मागताना भांडतात आणि भाडं नाही म्हटलं की जेवायला वाढतात. ओरडणं आणि वाढणं ही एकच क्रिया आहे, असं त्यांच्याकडे बघून वाटतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे रोज तेच चालायचं. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. 'श्री ४२०'मध्ये तर त्या रस्त्याकडेच्या केळीवाल्या. नुकताच मुंबईत आलेला राज कपूर केळ्यांच्या भावावरून त्यांच्याशी घोळ घालतो, आणि त्या चिडता चिडता त्याला पदराखाली घेतात. पाटी, केळी आणि ललिताबाई. हिंदी सिनेमातली मुंबई मला समुद्रापेक्षा या पाटीत जास्त दिसते.

आणि 'प्रोफेसर'. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवणीला येतो आणि घरातली कडक मावशी त्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते. हा सिनेमा आईने चारदा तरी ऐकला होता. तिच्या मते साधारण होता. "ललिताबाईंचा आवाज त्यात मध्येच बसतो. सर्दी झाली असावी."

दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बाबा गेले, वाडा पडला, आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि टीव्ही भिंतीएवढा आहे. एका दुपारी तिला 'प्रोफेसर' लावून दिला. आई पहिल्यांदाच तो सिनेमा समोर बसून बघत होती. मावशी आरशासमोर उभी राहिली, केस सारखे केले, आणि लाजली. आई पुढे वाकली. तिने मला रिमोट दाबून चित्र थांबवायला लावलं.

"अरे, सर्दी नव्हती," ती म्हणाली. "लाजत होती."

मग थोडं मागे घेऊन आम्ही ते पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. एवढ्या वर्षांची चूक ती निस्तरत होती. तो बारीक डोळा लाजताना कसा दिसतो हे भिंतीपलीकडून कळणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे पुन्हा रविवार संध्याकाळ सुरू झाली आहे. फक्त जागा बदलल्या. आई बाहेर सोफ्यावर पाय वर घेऊन, आणि मी आत. तिच्या गुडघ्यांमुळे ओट्यापाशी आता मी उभा असतो. बायको माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणते, तो वेगळा विषय. डोळे सुधारले पण आईचे कान गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण कानातलं यंत्र तिला टोचतं म्हणून ते कायम डबीत असतं. त्यामुळे टीव्हीचा आवाज असा, की मला भिंतीला कान लावायची गरजच नाही. सबंध मजला ऐकतो.

परवा कणीक मळताना खोकला ऐकू आला. मी आतून ओरडलो, "लीला चिटणीस!"

बाहेरून काहीच उत्तर नाही. मी पुन्हा ओरडलो. मग हात तसेच पिठाचे घेऊन दारात गेलो आणि म्हणालो, "आई, ओळखलं की नाही मी? चार आणे काढ."

"काय?" आईने कानामागे हात धरला. "चार काय?"

"आणे. आणे!"

"केळी?" ती म्हणाली. "ती केळीवाली या सिनेमात नाही रे. तो दुसरा. तो पुढच्या रविवारी लाव. आणि गॅस बारीक कर आधी, करपल्याचा वास येतोय."