पान नसलेलं फूल

आज सह्याद्रीतल्या एका देवराईत एपिपोगियम रोझियम दिसलं!! घोस्ट ऑर्किड म्हणतात त्यातलंच हे एक. एकही पान नाही, हरितद्रव्य नाही, म्हणजे उन्हातून अन्न बनवणं वगैरे भानगडच नाही, सगळं जेवण बुरशीकडून, तेही जमिनीखाली बसून. पाऊस सुरू झाला की कुजलेल्या पाल्यातून पोकळ फिकट दांडा वर येतो, थोडेच दिवस फुलतो, बिया टाकतो आणि परत गायब.

मी तर आधी अळंबीच समजून पुढे चाललेलो. जळू काढायला खाली बसलो तेव्हा खाली माना घातलेल्या पांढरट कळ्या दिसल्या, आणि उमललेल्यावर बारीक गुलाबी ठिपके. पंधरा मिनिटं चिखलात आडवा पडून फोटो काढले, सगळे ब्लर, असो.

पण तिथून हाकेच्या अंतरावर देवळाचं नवीन काम चाललंय, पेव्हर ब्लॉकचा ढीग पडलाय आणि पाला झाडून 'परिसर स्वच्छ' केलाय. अरे तो पालाच तर त्या बुरशीचं घर आहे ना! वरची झाडं तोडून ऊन आत आलं की ओल गेली, बुरशी गेली, हेही गेलं. लोकेशन विचारू नका, सांगणार नाही.