आसरांची ओटी

आज आत्तीसोबत हरिपूरला संगमावर गेले होते. वारणा कृष्णेला मिळते ना, तिथं. लेकीच्या बाळंतपणानंतर साती आसरांची ओटी भरायची राहिली होती. आत्तीनं काठावर सात खडे मांडले, नदीच्या पाण्यानं धुतले, हळद-कुंकू लावलं. खण, नारळ, मूठभर तांदूळ. ना मूर्ती, ना भटजी. "पाण्यातल्या बाया हैत, लेकरं सांभाळत्यात," एवढंच म्हणाली.

मला बदामीच्या संग्रहालयातली लज्जागौरीची, म्हणजे सुफलतेच्या देवीची, मूर्ती आठवली. डोक्याच्या जागी कमळ, बसण्याची ढब बाळंतिणीची. माती, पाणी आणि बाईची कूस एकच मानणारी ही श्रद्धा किती जुनी! आपल्या नवरात्रातला घटही तोच की, माती आणि धान्य.

निघताना आत्तीनं नदीकडं पाठ केली नाही. चार पावलं तशीच मागं मागं आली.