सापडलेली नोट कोणाच्या हवाली करावी?

हमरस्त्यावर पडलेला, मालक ठाऊक नसलेला एक रुपया कोणी उचलला तर तो गुन्हा होत नाही, असे उदाहरण भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ खाली खुद्द कायद्यानेच दिले होते. त्याच कलमात मौल्यवान अंगठीही आहे, आणि मालकाचा शोध न घेता ती लगेच विकणारा मात्र दोषी ठरतो. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आली आहे.

माझी अडचण या दोहोंच्या मधल्या वस्तूंची आहे. मंडईत कोथिंबिरीच्या काड्यांमध्ये घडी घातलेली पाचशेची नोट दिसली, तेव्हा ती तशीच राहू द्यावी असे वाटले, आणि त्यात निःस्पृहतेपेक्षा नसती झंझट टाळण्याचा भाग मोठा होता. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याच्यावरच ती सांभाळण्याची जबाबदारी येते, त्यामुळे न उचलणारा सुटतो. पण आपण नामानिराळे राहिल्याने ती नोट मालकाकडे पोहोचत नाही, म्हणून मी ती उचलली.

‘ही नोट कोणाची?’ असे मोठ्याने विचारले असते, तर चार जण पुढे आले असते. ‘हे माझे’ म्हणणाऱ्याला वस्तूचे रूप आणि संख्या विचारून खात्री करून घ्यावी, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. (त्या ग्रंथाशी माझे एरवी पटत नाही, पण ही युक्ती व्यवहाराची आहे.) मी नोट मुठीत ठेवून गाळ्यावरच्या बाईंना एवढेच विचारले, ‘मावशी, कोणी काही शोधत आलं होतं का?’ कोणी आले नव्हते.

नोट त्यांच्याकडे देऊन निघता आले असते. मात्र तसे केल्याने आपली टोचणी दुसऱ्याच्या गळ्यात पडते, शोध होतोच असे नाही. देवळाच्या दानपेटीचा मार्ग तर मला मुळीच पटत नाही, कारण परक्याच्या पैशाने पुण्य जोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो. शेवटी मावशींकडे माझा फोन नंबर ठेवला आणि रक्कम सांगितली नाही.

मालकाची वाट किती दिवस पाहायची, याचा आकडा कायदाही देत नाही. वाजवी काळ कोणता हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, एवढेच न्याय संहितेच्या कलम ३१४ चे स्पष्टीकरण म्हणते. तूर्त पुढच्या खेपेला मंडईत पुन्हा चौकशी करायचे ठरवले आहे.