गळाची वजने ओतण्यासाठी घरी केलेली साधने

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते; पण वडोदऱ्यात आमच्या गच्चीवर मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजने ओतताना खरा वेळ जातो तो साचा योग्य तापमानावर ठेवण्यात. साचा थंड असला की वजनावर सुरकुत्या पडतात, फार तापला की धातू गोठायला उशीर लागतो. म्हणून मी जुनी इस्त्री उलटी पक्की बसवून तिच्या तळावर एक साचा तापत ठेवतो आणि दुसरा छोट्या पंख्यापुढे निवू देतो. साच्यात पाण्याचा थेंबही राहिला तर वाफेने शिसे उसळते, आणि शिशाची वाफ व धूळ विषारी असल्याने हे काम स्वयंपाकघरात कधीही करू नये. सर्वांत उपयोगी ठरली ती शिसे वितळवायच्या भांड्याच्या तळाशी बसवलेली पोलादी सळईची झडप, कारण तिच्यामुळे वितळलेल्या शिशावर तरंगणारी मळी, म्हणजे धातूचा कचरा, साच्यात उतरतच नाही.